गुडघेपान

"चादर पिवळी का घातलीय गं यांनी?" आईने विचारलं, तेव्हा धाकटी खुर्चीच्या पाठीला अडकलेला पिशवीचा बंद सोडवत होती. तिने चादरीकडे पाहिलं. चादर पांढरी होती. इस्पितळातल्या चादरी असतात तशी, धुऊन धुऊन निळसर झालेली आणि कोपऱ्यात काळ्या शाईचा शिक्का मारलेली. "पांढरीच आहे की," ती म्हणाली. आईने चादरीची कड चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली, दुकानात कापड पारखावं तशी, आणि सोडून दिली. "असेल बाई. मला जुन्या वर्तमानपत्रासारखी दिसतेय. त्या नर्सबाईंचे कपडेसुद्धा. आणि दिवा लावला की त्याच्याभोवती कडं येतं." एवढं बोलून ती दमली आणि भिंतीकडे वळली. आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाली बसली होती. पडले नाही, बसले, असं तिचं म्हणणं. शेजारणीने आणून दाखल केलं होतं. नाडी फार सावकाश चालत होती. वयाचा भाग आहे, डॉक्टर म्हणाले होते. छातीत ठोके देणारं यंत्र बसवावं लागेल, उद्या ठरवू. धाकटीने ते निमूट ऐकून घेतलं होतं. वय हे उत्तरच असं आहे की त्यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. पण ही पिवळी चादर तिच्या मनात कुठेतरी जाऊन आपटली. कुठे, ते तिला लगेच सापडेना. पिशवी हातात तशीच राहिली. मग एकदम तिला एक वर्ग दिसला, लांब बाकांचा, आणि वनौषधी शिकवणाऱ्या बाई, ज्या सगळं एकाच पट्टीत सांगत, जणू दुकानातला माल मोजून देताहेत. डिजिटॅलिस. पानांचा अर्क. हृदयाचे ठोके मंदावतात. अन्नावरची वासना उडते. रुग्णाला वस्तू पिवळ्या दिसतात. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं होतं, "म्हणजे प्रेमच की," आणि सगळा वर्ग हसला होता. बाई हसल्या नव्हत्या. बाईंचं वाक्य तिच्या कधीच लक्षात राहिलं नसतं. राहिलं ते त्या वात्रटपणामुळे.

"आई, तू काही घेतेस का? गोळी, काढा, काही?"

"मी कुठली गोळी घेतेय. यांनीही विचारलं. काही नाही म्हणून सांगितलं."

"काहीच नाही?"

"ताईचा पाला तेवढा. ते काय औषध आहे? चहासारखा तर पिते." आईने डोळे मिटले. "गुडघ्यांना मात्र उतार आहे हो त्याने."

ताई म्हणजे मोठी बहीण. शहर जिथे संपत आलंय तिथे तिचं बसकं घर, आणि घरामागे तिने हौसेने वाढवलेला वाफा. त्या वाफ्यात ती एक रुंद, लवदार पानाचं झाड लावत असे. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. घरात त्याला गुडघेपान म्हणत. ताई ती पानं सावलीत वाळवायची, चुरायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून आईला द्यायची. आईही ते मन लावून प्यायची, कारण एक तर गुडघे, आणि दुसरं म्हणजे डबा घेऊन ताई स्वतः यायची. नवा डबा अलीकडेच आला होता. आणि तोंडाला चव नाही, जेवण नको वाटतं, हेही आई फोनवर अलीकडेच म्हणू लागली होती. या दोन गोष्टी धाकटीला ठाऊक होत्या, वेगवेगळ्या. एकमेकींच्या शेजारी त्या आज पहिल्यांदा उभ्या राहिल्या.

वॉर्डातला डॉक्टर मात्र भला माणूस निघाला. झोप न झालेल्या डोळ्यांनी त्याने तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. ती औषधी वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते हे ऐकल्यावर तर त्याने कप बाजूला ठेवला. "रक्त पाठवतो मी," तो म्हणाला. "पण आमच्याकडची तपासणी गोळीतल्या औषधासाठी आहे. पानात जे जे असतं ते सगळं तिला दिसेल असं नाही. थोडं दिसलं तरी किती आहे ते कळणार नाही. उतारा आहे यावर, पण तो दुसऱ्या इस्पितळातून मागवावा लागतो, आणि निव्वळ शंकेवर ते देत नाहीत. तुम्ही पाला बघू शकाल?" ती हो म्हणाली. "मग यंत्राचं मी थांबवतो उद्यापर्यंत. नाडीवर लक्ष ठेवतो. आणि तो पाला आता कोणी पिऊ नये." "आई तर इथेच आहे," धाकटी म्हणाली. कोणी म्हणजे आई, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

आईच्या घराची किल्ली तिच्याकडे होती. स्वयंपाकघरात आदल्या दिवसाचा कप तसाच होता, तळाशी हिरवट गाळ सुकलेला. तिने डबा उघडला. वास गवताचा, थोडा धुळीचा, निरुपद्रवी. तिने चुरा तळहातावर घेऊन पाहिला, आणि तिला हसू आल्यासारखं झालं. इतकी वर्षं पानं, मुळं, साली तपासण्यात गेली, आणि तळहातावरच्या या चुऱ्यावरून तिला काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं. चुरा तो चुरा. बाहेर आल्यावर बसच्या थांब्यावर तिने ताईला फोन लावण्यासाठी मोबाइल काढला. नाव समोर आलं. अंगठा वर तसाच राहिला. काय सांगायचं? तुझ्या पाल्यात विष असावं असं वाटतंय? वाटतंय, असं ताईशी बोलताना चालत नसे. लहानपणापासून नाही. ताई चारचौघांत हसून म्हणे, "हिचं वाटणं म्हणजे हवापाण्याचा अंदाज," आणि सगळे हसत, धाकटीसुद्धा. ताईशी बोलायचं तर हातात काहीतरी हवं. बस आली. तिने मोबाइल पिशवीत टाकला.

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. कारखाने पोत्यांतून मुळं आणि पानं पाठवत, आणि तिथे त्यांचे अर्क निघत, म्हणजे जे लेबलवर आहे तेच आणि तेवढंच पोत्यात आहे का, ते पाहायचं. जिना चढतानाच सुंठीसारखा, ओल्या लाकडासारखा, औषधांच्या कपाटासारखा मिश्र वास येई. नव्या माणसाला तो आठवडाभर जाणवे आणि मग कधीच नाही. विभागाचे प्रमुख निवृत्तीला टेकलेले, उंच, कायम स्वेटर घालणारे. त्यांचं नाव बेसलाइन साहेब पडलं होतं, कारण पडद्यावरची रेष सपाट आणि शांत झाल्याशिवाय ते कोणाला नमुना सोडू देत नसत. घरी बायकोशी भांडण झालं तरी आधी बेसलाइन येऊ देतात, अशी त्यांच्याबद्दल वदंता होती. धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. खाजगी नमुना यंत्रावर घ्यायचा नाही हा नियम त्यांनीच केलेला. "घे," ते म्हणाले. "पण आईचं आहे म्हणून आडवाटेने जाऊ नकोस. आईचं आहे म्हणूनच सगळं नियमाने कर. आधी कोरा द्रव, मग प्रमाण, मग नमुना. घाईत काढलेलं उत्तर तुझं तुलाच पटणार नाही." मग ते कपाटाकडे गेले आणि डिजिटॅलिसच्या शुद्ध घटकांच्या इवल्याशा बाटल्या त्यांनी स्वतः शोधून काढून दिल्या. कुठल्याशा जुन्या कामासाठी आणलेल्या, थंडीत ठेवलेल्या.

चुरा तोलताना तिचे हात रोजच्यासारखेच चालले, याचं तिला नवल वाटलं. मन घाबरलं की हात थरथरतात असं म्हणतात. तिचे हात जणू मनाशी बोलतच नव्हते. चुरा अल्कोहोल आणि पाण्यात भिजवला, बाटली गुणगुणणाऱ्या टाकीत ठेवली. त्या टाकीच्या बारीक कंपनाने पानातलं जे सुटायचं ते द्रवात सुटतं. द्रव गर्द हिरवा झाला. तो हिरवेपणा यंत्राला चालत नाही, नळी तुंबते, म्हणून तो एका बोटभर नळकांड्यातून थेंब थेंब ओघळू दिला. हिरवा रंग वरच अडकला आणि खाली उतरला तो फिकट चहासारखा द्रव. मग गाळणी, मग इवलीशी बाटली, टोपण. यात गंमत अशी की या सगळ्या खटाटोपात त्या चुऱ्याचं आईशी असलेलं नातं हळूहळू सुटत गेलं. आधी तो ताईचा पाला होता, मग चुरा, मग नमुना. बाटलीवर नाव लिहिताना ती क्षणभर थांबली आणि तिने फक्त 'पान' लिहिलं.

यंत्र तसं साधंच, नव्या लोकांना बेसलाइन साहेब समजावून सांगत ते तिला पाठ होतं. पोलादाची एक आखूड नळी, आत पिठाहून बारीक पांढरी पूड ठासून भरलेली. पंप द्रव रेटतो, द्रवाबरोबर नमुना. घरात बरेच पाहुणे जमलेत, साहेब म्हणत, आणि सगळे एकदम बाहेर पडले तर कोण आलं होतं ते कळायचं नाही. पण जिना अरुंद असला आणि प्रत्येकाला पायरीपायरीवर थांबून बोलायची खोड असली, की मग एकेक जण खाली पोचतो. ज्याला पुडीचा लळा तो रेंगाळतो, ज्याला द्रवाचा लळा तो पुढे सटकतो. खाली दारात एक दिवा असतो, जाणाऱ्याची सावली त्याला दिसते, आणि पडद्यावरच्या सपाट रेषेला तेवढ्यापुरता उंचवटा येतो. कोण किती वेळाने आला यावरून तो कोण ते कळतं. उंचवट्याच्या पसाऱ्यावरून किती ते. प्रयोगशाळेत या उंचवट्याला सगळे पीक म्हणत. आईने ते एकदा फोनवर ऐकलं होतं, पीक आलं का, पीक दुभंगलं, दोन पिकं एकात एक गेली, आणि विचारलं होतं, "तुम्ही तिथे शेती करता का गं?" खुलासा केल्यावरही आईने तो विनोद सोडला नाही. माझ्या दोन्ही मुली पिकं काढतात, ती लोकांना सांगे, एक मातीत, एक पडद्यावर. त्यात ताईचं मातीतलं पीक नेहमी आधी येई, वाक्यात.

कोरा द्रव सोडला. रेष सपाट सरकू लागली. वाट पाहण्याखेरीज आता काम नव्हतं, आणि हेच धाकटीला अवघड गेलं. पंपाची एकसुरी टकटक चालू होती. तिला ताईचे हात दिसू लागले, वाफ्यातले, मग ते मागे मागे जात तिला न्हाऊ घालणारे, तिची वेणी ओढून घालणारे हात. आई तेव्हा दिवसभर कामावर जाई, वडील फिरतीवर. धाकटीला ताप आला तर कपाळावर घडी ताई ठेवी. परीक्षेला पेन्सिलीला टोक ताई करी. तिच्यासाठी ताईने आपलं शिक्षण मध्ये सोडलं असं नातेवाईक म्हणत, ताई कधीच म्हणाली नाही. आणि ती कधीच म्हणाली नाही हेच धाकटीला जड जाई. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. पुढे धाकटी शिकली, प्रयोगशाळेत लागली, आणि एके दिवशी सहज म्हणाली, की या पाल्यात नक्की काय काय असतं ते एकदा यंत्रावर बघायला हवं, यकृताला बरं नसतं म्हणतात. ताई चुरा डब्यात भरत होती. तिने मान वर केली नाही. "आईला बरं वाटतंय ना," ती म्हणाली, "मग ते यंत्राला विचारायची काय गरज?" आणि आई लगेच म्हणाली, "हो गं, गुडघे वाकायला लागलेत माझे." विषय तिथेच संपला. घरी येताना बसमध्ये धाकटी स्वतःशीच वाद घालत होती, चांगले चांगले मुद्दे काढून. ऐकायला कोणी नव्हतं.

कोऱ्या द्रवात काही नव्हतं. मग शुद्ध घटक सोडले. ते आपापल्या वेळी आले, रेखीव, ताठ, एकामागून एक. मग तिने 'पान' लिहिलेली बाटली ठेवली. सुरुवातीला गर्दी उसळली, पानात असतात ती शंभर द्रव्यं, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. मग गर्दी ओसरली, रेष खाली आली. धाकटीला तेव्हा उमगलं की आपण देवाजवळ काहीतरी मागतोय, पण काय, ते तिला नीट ठरवता येईना. पीक येऊ नये? नाही आलं तर आईचं हृदयच थकलंय, त्याला उतारा नाही. यावं? मग ते ताईच्या हातचं. रेष सपाट चालली होती. शुद्ध घटक आला होता ती वेळ जवळ आली. रेष किंचित थरारली, आणि मग उचलली, स्वच्छ, सरळ, दोन्ही बाजूंनी सारखी उतरती, पाठ्यपुस्तकात छापावी अशी. थोड्या वेळाने त्यापाठोपाठ दुसरं पीक, त्याच्या ठरलेल्या जागी.

आणि धाकटीला आनंद झाला.

तो इतका साधा आणि रोजचा होता की तिला तो आधी कळलाच नाही. पीक सुबक आलं की होतो तोच, छातीत उघडणारा, बोटांनी टेबलावर ताल धरायला लावणारा. तिची बोटं खरोखरच टेबलावर पडली. मग थांबली. पण थांबण्याआधी त्या आनंदाच्या आत तिला आणखी एक काहीतरी दिसलं होतं, त्याच वेळी आलेलं, त्याच्यात मिसळलेलं, आणि त्याला तिने ओळखलं. ते बसमधल्या त्या वादातलं होतं. आता ताईला ऐकवायला तिच्याजवळ उत्तर होतं. तिने चटकन पडद्यावरून नजर काढली. बाजूला साहेब उभे होते. "भर घालून बघ," ते एवढंच म्हणाले. तिने नमुन्यात थोडं शुद्ध द्रव्य मिसळून पुन्हा सोडलं. परकं असतं तर पिकाला खांदा आला असता, फाटा फुटला असता. तसं काही झालं नाही. पीक नुसतं वाढलं, एकसंध. आता शंकेला जागा नव्हती. तिने हिशेब मांडला, एका कपात किती उतरत असेल तो आकडा काढला, डॉक्टरला फोन केला. आवाज तिचा तिलाच परका वाटला, इतका नीट होता. डॉक्टर म्हणाला, "रक्तातही दिसतंय थोडं. हा आकडा मला मेसेज करा. उतारा मागवतोच." मग म्हणाला, "बरं झालं तुम्ही बघितलंत." ती हो म्हणाली आणि फोन ठेवून हात धुवायला गेली, आणि नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली.

ताईकडे पोचली तेव्हा दुपार कलली होती. ताई वाफ्यातच होती, रात्रीची इस्पितळातली पाळी करून आलेली, पायांत जुने बूट, हातात खुरपं. बहिणीला अशा वेळी आलेलं बघून ती उठली. "आईचं काय?" "आई बरी आहे. सापडलंय कारण." आणि मग धाकटीने सांगितलं. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, मऊ, आडवळणाची. त्यातलं एकही आठवलं नाही. पाल्यात डिजिटॅलिस होतं, एवढंच ती म्हणाली, नव्या डब्यातल्या. ताई ऐकत राहिली. पलीकडच्या कुंपणाशी शेजाऱ्यांचा फुलांचा वाफा होता, उंच देठांवर लोंबत्या घंटांसारखी डिजिटॅलिसची फुलं. ताईची नजर तिकडे गेली, मग आपल्या वाफ्याच्या त्या कडेला, जिथे रुंद लवदार पानांचे झुबके जमिनीला टेकून बसले होते. "आपोआप उगवले होते तिथे," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, गुडघेपानच पसरलं."

"पहिल्या वर्षी त्याला फूल येत नाही. पानं अगदी तशीच. कोणीही फसलं असतं."

"कोणीही नाही," ताई म्हणाली. "मी." तिने खुरपं खाली ठेवलं. मग तिचा चेहरा बदलला. "माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायकांना दिलाय मी तो."

कोणी पिऊ नये, डॉक्टर म्हणाला होता. सकाळी. सकाळपासून धाकटी पंपाची टकटक ऐकत बसली होती, नियमाने, एकेक पायरी करत, आणि तेवढ्या वेळात कुठल्या कुठल्या घरांत पाणी उकळलं असेल. ताईने मात्र तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बुटांनी वाफा तुडवत ती घरात गेली, फोन घेऊन आली आणि तिथेच, दारात उभी राहून, एकेकीला लावू लागली. "मी दिलेला पाला टाकून दे. नाही, उद्या नाही, आता. मी धरते फोन, तू टाकून ये. टाकलास? बरं. किती प्यालीस?" आवाज खडखडीत, रोजचा. "त्यात विषारी पान गेलंय. हो, माझ्याच हातून. मळमळतंय? मग डॉक्टरकडे जा आणि हे नाव सांग," आणि तिने धाकटीकडे बघून भुवया उंचावल्या, धाकटीने नाव सांगितलं, ताईने ते अक्षरं तोडून तोडून पलीकडे पोचवलं. एकीने डबा उघडलाच नव्हता. एकीला दोन दिवस पोटात कसंसंच होत होतं, तिला तिच्या मुलाने लगेच दवाखान्यात नेलं. पुढे ती बरी झाली, पण ते नंतर. शेवटची पलीकडून काहीतरी लांबलचक बोलत होती. ताई ऐकत होती. "हो," ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि फोन बंद केला. मग दोघींनी मिळून वाफ्याच्या कडेचे झुबके उपटले. जुनं कुठलं, परकं कुठलं, हे सांगता येईना तेव्हा ताईने सगळाच वाफा उपटायला घेतला. धाकटीने थोडा वेळ नको म्हटलं, मग तीही वाकली. मुळं लांब होती, जड मातीत घट्ट. ताई मध्येच एकदा थांबली, एक पान हातावर पसरून तिने पाहिलं, उलटून पाहिलं, आणि ढिगावर टाकलं.

संध्याकाळी दोघी इस्पितळात आल्या तेव्हा उतारा सुरू झाला होता. नाडी वर येतेय, डॉक्टर म्हणाला. यंत्र बसवायची बहुधा गरज नाही. नर्स आत काहीतरी करत होती म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं होती. एक माणूस फोनवर कोणाला तरी गाडी कुठे लावली ते समजावत होता, पुन्हा पुन्हा, तेच. तो गेल्यावर शांत झालं.

"तुला शंका सकाळीच आली होती ना?" ताईने विचारलं.

"हो."

"मग तेव्हाच फोन का नाही केलास?"

धाकटीजवळ याची उत्तरं होती. खात्री नव्हती, आईजवळ थांबायचं होतं, बस आली. ती म्हणाली, "तुला पटलं नसतं."

ताईने विचार केला. "नसतंच पटलं," ती म्हणाली. मग भिंतीकडे बघतच, "कळलं तेव्हा कसं वाटलं तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते खोटं आहे हे ताईला कधी कळलंही नसतं. "आनंद झाला," धाकटी म्हणाली. "आधी. क्षणभर. पीक चांगलं आलं म्हणून. आणि—" तिला पुढचं शब्दांत धरता येईना. "नुसतं तेवढ्यासाठी नाही."

ताई वळली आणि तिने धाकटीकडे पाहिलं. ती नजर ओळखीची होती. खोटं बोलताना पकडलं की ताई अशी बघे. पण रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. "आई पहिल्यांदा म्हणाली ना, की तुझ्या पाल्याने माझे गुडघे वाकायला लागले," ताई म्हणाली, "तेव्हा मला तुझी आठवण झाली होती. आईची नाही. तुझी. म्हटलं, आता बघ म्हणावं." तिने ओठ मिटले, आणि मग तिला हसू आलं, अगदी थोडं, नाकातून. "रोज एक चिमूट जास्तच घाल, असंही मीच सांगितलं होतं तिला. लवकर गुण यावा म्हणून." हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याचं काहीतरी दुसरंच झालं. धाकटीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ताईने तो हलवला नाही, वर आपला हातही ठेवला नाही.

दार उघडून नर्स बाहेर आली. "झोपून उठल्यात. बोलवताहेत. पण एकीनेच यायचं हं." दोघी उठल्या, आणि दोघी थांबल्या.

"तू जा," ताई म्हणाली. "तुला काय ते विचारता येईल."

"विचारायचं काही नाहीये."

"मग नंतर जाते मी."

"कोण येतंय?" नर्सने विचारलं.

"ही येतेय," धाकटी म्हणाली, आणि तिने ताईच्या पाठीला हळूच पुढे रेटलं, पोहता न येणाऱ्याला पाण्यात ढकलावं त्याहून हळू, पण तसंच.

दाराला चौकोनी काच होती. धाकटी तिथे उभी राहिली. आत आईने मान वळवून कोण आलं ते पाहिलं, तिचा चेहरा सैल झाला, आणि तिने चादरीखालून हात बाहेर काढून पुढे केला. ताई पलंगाशी गेली नाही. ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे वळली, बाह्या सारल्या, आणि हात धुऊ लागली. साबण घेतला, बोटांच्या फटी चोळल्या, नखांतली माती एका नखाने दुसऱ्यातून काढली, मनगटं घासली, कोपरापर्यंत पाणी घेतलं, आणि पुन्हा साबण घेतला. काचेतून पाण्याचा आवाज येत नव्हता. आईचे ओठ हलले. पुरे गं, असं काहीतरी ती म्हणाली असावी. ताई धुतच होती. आईचा हात तसाच पुढे होता, आणि ती तो मागे घेत नव्हती.